जुन्या इटालियन मँडोलिनची पाठ इतकी फुगीर कशी करतात? आणि पुढची काळपट नक्षीदार पट्टी कशाची असते?

नेपल्सच्या जुन्या मँडोलिनची पाठ म्हणजे रोजवूड किंवा मेपलच्या पातळ पट्ट्या. गरम करून वाकवायच्या, साच्यावर एकीला एक चिकटवायच्या. भारी वाद्यात पट्ट्या जास्त, सांध्यांत बारीक रेघाही. पुढची फळी स्प्रूसची; घोडीच्या (तारा ज्यावर टेकतात त्या लाकडी तुकड्याच्या) जरा मागे तिला किंचित बाक असतो. आठ तारांचा दाब त्यानेच पेलतो, म्हणून विकत घेताना आधी तिथेच तडे बघा.

काळपट पट्टी तारांखाली, नखीचे ओरखडे फळीवर पडू नयेत म्हणून. त्यात शिंपल्याचं फुलपाखरू किंवा वेलबुट्टी जडवलेली. खरी पट्टी समुद्री कासवाच्या कवचाची, स्वस्तातली सेल्युलॉइड या प्लास्टिकची. कवचाची असेल तर परदेशातून मागवू नका. त्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आहे.