‘नंतर आठवण करा’ किती वेळा दाबायचं?

या वेळी टपालात एकाच विषयावरची पत्रं इतकी आली की बाकीचे प्रश्न (प्रिंटर! कायम प्रिंटर!) पुढच्या अंकावर ढकलले आहेत. घरच्या संगणकाची ऑपरेटिंग सिस्टिम (म्हणजे विंडोजसारखं, अख्खा संगणक चालवणारं मूळ सॉफ्टवेअर) बदलायची कधी, हा तो विषय. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याचं उत्तर लांबलंय, कारण बहुतेकांची अडचण तीच आहे.

प्रश्न : ताई, मी निवृत्त शिक्षिका. माझा संगणक २०१६ सालचा, विंडोज १० वर चालणारा. हा संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाही, असा निरोप पडद्यावर येतो. नातू म्हणतो, ‘आजी, टाकून दे हा डबा.’ शेजारचे गृहस्थ म्हणतात, ‘काही होत नाही, माझा तसाच चालू आहे.’ मला लिखाण, फोटो, मुलीशी व्हिडिओ कॉल आणि बँकेचं थोडं काम, एवढंच लागतं. प्रोसेसर आय५-६४००, मेमरी ८ जीबी. कोणाचं ऐकू?

उत्तर : बाई, दोघांचंही थोडं थोडं ऐका आणि निर्णय तुमचा तुम्ही घ्या.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. १५ तारखेला सकाळी संगणक नेहमीसारखाच सुरू झाला, म्हणून शेजारचे गृहस्थ निर्धास्त आहेत. पण बंद झाली ती डागडुजी. एवढ्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये भोकं सापडतच राहतात आणि दर महिन्याच्या अपडेटमधून ती बुजवली जातात. आता नवं भोक सापडलं की ते विंडोज ११ मध्ये बुजवलं जाईल. तेच भोक १० मध्येही असलं, तर ११ चं ठिगळ उलगडून पाहणाऱ्या चोराला १० मध्ये नेमकं कुठून शिरायचं याचा पत्ता आयता मिळेल. त्यामुळे सपोर्ट संपलेली सिस्टिम जशीच्या तशी राहत नाही, महिन्यागणिक जास्त उघडी पडत जाते.

इथे एक घोळ निस्तरते. बहुतेक पत्रांत ‘अपडेट’ आणि ‘अपग्रेड’ हे शब्द एकाच अर्थाने आले आहेत. अपडेट म्हणजे आहे त्याच घराची दुरुस्ती, अपग्रेड म्हणजे घर बदलणं. घर बदलायला वेळ घ्या, दुरुस्तीला नको. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने जगभर धुमाकूळ घातला. तो ज्या भोकातून शिरला, त्याचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी. बळी पडलेले बहुतेक संगणक विंडोज ७ वरचे होते आणि विंडोज ७ ला तेव्हा सपोर्ट होता. ठिगळ दारात येऊन पडलं होतं, लावलं मात्र कोणी नाही.

आता तुमचा संगणक. आय५ नंतरच्या आकड्यातला पहिला ६ म्हणजे प्रोसेसर सहाव्या पिढीचा. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त खात्रीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. टीपीएम तुमच्या संगणकात असेलही, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जाऊन ते सुरूही करता येईल, पण गाडी प्रोसेसरपाशी अडेल. तिथे इलाज नाही. अटींना बगल देऊन ११ बसवायच्या युक्त्या आहेत आणि तुमच्या नातवाला त्या नक्की माहीत असतील. पण अशा संगणकांना पुढची अपडेट्स मिळतीलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. खोलीत तीन संगणक असलेल्या हौशी माणसाने तो खेळ खेळावा. एकुलत्या एका संगणकावर खेळू नये.

तुमच्यापुढे घाईची वाट नाही, ही त्यातल्या त्यात चांगली बातमी. विंडोज १० ला घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेट्सची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणी करता येते. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. नवं काही मिळत नाही, फक्त ठिगळं मिळतात, आणि तुम्हाला तेवढीच हवी आहेत. हे पत्र वाचून होताच ती नोंदणी करा.

मग मिळालेल्या सवडीत नातवाला कामाला लावा. त्याला लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी वापरता येणारी एक फुकट ऑपरेटिंग सिस्टिम, एका पेन ड्राइव्हवर घालून आणायला सांगा. संगणक त्या पेन ड्राइव्हवरून सुरू होतो आणि तुम्ही स्वतःहून ‘इन्स्टॉल’ म्हटल्याशिवाय आतल्या डिस्कला हात लागत नाही. दोन दुपारी त्यावर बसा. वाय-फाय लागतं का? मुलीशी बोलताना कॅमेरा आणि आवाज नीट आहे का? मराठी टायपिंग जमतं का? तुमची जुनी लिखाणाची फाईल लिबरऑफिसमध्ये (मिंटमधल्या लिखाणाच्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडल्यावर रकाने विस्कटतात का? मिंटच्या २२ या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत आणि सहाव्या पिढीचा आय५ व ८ जीबी मेमरी तिला आरामात पुरते. पटलं तर डब्याला आणखी काही वर्षं मिळाली. नाही पटलं तर नवा संगणक घ्यायचा निर्णय निदान अनुभवाने झाला, पडद्यावरच्या निरोपाला घाबरून नाही.

आणि त्याआधी फोटो! बाहेरच्या डिस्कवर एक प्रत काढा. काढल्यावर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून चार-पाच फोटो उघडून बघा. ‘बॅकअप आहे’ असं म्हणणाऱ्या अनेकांनी तो कधी उघडून पाहिलेला नसतो. मग डिस्क काढून कपाटात ठेवा. कायम जोडलेल्या डिस्कवर व्हायरस शिरला, तर मूळ फोटोंबरोबर प्रतही जाते.

प्रश्न : मी भाषांतरकार आहे, घरूनच काम करतो. संगणक नवा आहे, विंडोज ११ आहे. दर वर्षी शरद ऋतूच्या सुमारास नवी आवृत्ती येते आणि माझा हात लगेच बटणाकडे जातो. बायको म्हणते, ‘थांब जरा.’ थांबून काय मिळतं?

उत्तर : वहिनींचं ऐका. मी स्वतः एकदा ऐकलं नव्हतं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी एका हस्तलिखिताची चाळीस पानं स्कॅन करून पाठवायची होती. आदल्या रात्री अकराला मला सिस्टिमचं अपग्रेड उरकून घ्यायची हुक्की आली. अर्ध्या तासात होईल म्हटलं, दीड वाजला. सकाळी सगळं छान, नवं, गोल कोपऱ्यांचं. स्कॅनर मात्र मुका. त्या मॉडेलचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राची संगणकाशी गाठ घालून देणारं सॉफ्टवेअर, बनवणं कंपनीने केव्हाच थांबवलं होतं. हे त्यांच्या संकेतस्थळावर एका ओळीत लिहिलेलंही होतं. मी ते वाचलं पहाटे, म्हणजे उशिरा. त्या दिवशी चाळीस पानांचे फोटो मोबाइलने काढले, खिडकीपाशी उभं राहून, आणि प्रत्येक फोटोत माझ्या डोक्याची सावली आली.

मला वाचवलं ते परतीच्या वाटेनं. विंडोजचं अपग्रेड झाल्यावर साधारण दहा दिवस सेटिंग्जमधल्या ‘रिकव्हरी’त जाऊन मागे फिरता येतं. जुनी सिस्टिम तोवर ‘विंडोज.ओल्ड’ या फोल्डरमध्ये जपलेली असते. जागा अडते म्हणून ते फोल्डर उडवलंत की परतीचा पूल तुम्हीच तोडलात. म्हणून अपग्रेडनंतरचे पहिले दहा दिवस साफसफाई करू नका. त्या दिवसांत स्कॅनर, प्रिंटर, भाषांतराचं सॉफ्टवेअर, त्याच्या स्मृतिकोशाची (आधीची भाषांतरं साठवणारी) फाईल, सगळं एकेकदा वापरून बघा. ‘महिन्यातून एकदाच लागतं’ ते सगळ्यात आधी बघा, कारण तेच अकराव्या दिवशी लागतं.

आता थांबून काय मिळतं ते. ऑक्टोबर २०१८ मधलं विंडोज १० चं मोठं अपग्रेड २ तारखेला आलं. ज्यांनी डॉक्युमेंट्स किंवा पिक्चर्ससारखी फोल्डर्स दुसरीकडे हलवली होती, त्यांच्यापैकी काहींच्या मूळ जागी उरलेल्या फायली पुसल्या गेल्या. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच वाटप थांबवलं आणि दुरुस्त करून १३ नोव्हेंबरला ते पुन्हा आणलं. सहा आठवडे थांबलेल्यांना यातलं काही कळलंही नाही.

थांबण्याची किंमत किती, तेही बघा. विंडोज ११ होमच्या प्रत्येक वार्षिक आवृत्तीला २४ महिने सपोर्ट असतो. म्हणजे नवी आली तरी तुमच्या हातातलीचं साधारण वर्ष शिल्लक असतं. दोन-तीन महिने थांबल्याने तुमचं काहीही जात नाही, फक्त या काळात दर महिन्याची सुरक्षा अपडेट्स चालू ठेवा. नवी कधी आली यापेक्षा जुनी कधी संपतेय, ती तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवते. तिच्या आधीच्या तीन-चार महिन्यांत, कामाचा ताण नसलेला एखादा शुक्रवार पकडते. शुक्रवारच, कारण काही बिनसलं तर शनिवार-रविवार हाताशी असतात.

दोन बारीक गोष्टी. विंडोज अपडेटच्या पानावर ताजी अपडेट्स सगळ्यात आधी मिळावीत म्हणून एक खटका असतो. तो बंद ठेवा. आणि शेजाऱ्याला नवी आवृत्ती आली पण तुमच्याकडे आली नाही, म्हणून पेन ड्राइव्हवरून ओढून आणू नका. एखाद्या ठराविक ड्रायव्हरशी किंवा सॉफ्टवेअरशी भांडण होतंय असं कळलं, तर मायक्रोसॉफ्ट तशा संगणकांना मुद्दाम रोखून धरते. तुम्ही रांगेत मागे राहिलात यामागे बरेचदा कारण असतं.

अरे हो, एक राहिलंच. डिस्क कूटबद्ध (म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी) असेल, आणि नव्या लॅपटॉपवर ती बहुधा असतेच, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. बायोसमध्ये काही बदललं की कधी कधी निळा पडदा येतो आणि ती मागतो. ती त्याच संगणकातल्या फाईलमध्ये लिहून ठेवणारे महाभाग मी पाहिले आहेत. एक तर मीच.

प्रश्न : संगणक फार हळू झालाय. नवी सिस्टिम टाकली की वेगात चालेल ना?

उत्तर : बहुधा नाही, आणखी हळूही होईल. आधी टास्क मॅनेजर (संगणक कशात गुंतलाय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडा आणि डिस्कचा आकडा बघा. काहीही करत नसताना तो सतत शंभर टक्क्यांच्या आसपास असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर तुम्हाला अपग्रेड नको, एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क हवी. फिरत्या डिस्कवर प्रत्येक बारीक फाईलसाठी डिस्क वाचणारं डोकं जागेवरून जागेवर न्यावं लागतं आणि सिस्टिम सुरू होताना अशा हजारो फायली वाचाव्या लागतात. एसएसडी टाकून तीच सिस्टिम चालवून बघा. शिवाय तुमची विंडोज १० ही ३२ बिटची आहे का, तेही सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये पाहून घ्या. असेल तर ती ४ जीबीच्या पलीकडची मेमरी वापरतच नाही. आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येत असल्याने तिथून सरळ अपग्रेडही होत नाही, सगळं पुसून नव्याने बसवावं लागतं.

प्रश्न : मावशी, मी सातवीत आहे. आजोबांच्या संगणकावर विंडोज एक्सपी आहे. ते त्यावर फक्त पत्त्यांचा सॉलिटेअर खेळतात. बाबा म्हणतात हे धोकादायक आहे. खरं का?

उत्तर : बाबांचं बरोबर आहे, पण एका अटीवर. एक्सपी २००१ साली आली आणि तिचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, म्हणजे तुझ्या जन्माच्या आसपास किंवा त्याआधीच. असा संगणक इंटरनेटला जोडलेला असेल तर खरंच धोका. तू मागच्या बाजूची नेटवर्कची वायर काढून टाक. वाय-फाय असेल तर तेही बंद कर. त्यात कोणाचाही पेन ड्राइव्ह खुपसायचा नाही, तुझासुद्धा. त्यावरचे जुने फोटो असतील तर बाबांना सांगून एकदा सीडीवर उतरवून घ्या. मग आजोबांचा डाव चालू दे.