मामा गावाला गेले, तर हप्ता कोण भरणार?

प्रश्न थोडक्यात असा: वय ४६, मालिकांमध्ये चरित्र भूमिका. सध्या एका दैनंदिन मालिकेत नायिकेचे मामा, मानधन दिवसाला ६,००० रुपये. गोरेगावला १८,००० भाड्याने राहतात. जमा पुंजी २७ लाख. दहिसरला ७२ लाखांचा फ्लॅट ५० लाख कर्ज काढून घ्यावा का? रविवारी टोकन द्यायचं आहे.

आत्ता घेऊ नका, असंच मी सांगेन.

तुम्ही डायरीच्या पानांचे फोटो पाठवलेत, फार बरं केलंत. वर्षभरात शूटिंगचे १५६ दिवस, म्हणजे महिन्याला सरासरी ७८,०००. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता साधारण ४३,४०० बसतो. सरासरी बघितली तर जमेल असं वाटतं. पण जुलैच्या पानावर चारच दिवस आहेत आणि बाजूला तुमच्याच अक्षरात, 'मामा गावाला गेले'. मालिकेचं कथानक दुसरीकडे वळलं आणि महिन्याची कमाई २४,००० वर आली. तीही ९० दिवसांनी, १० टक्के टीडीएस कापून. बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेला जाणारच.

त्यात मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ४.३२ लाख, आणि नोंदणीचे ३०,०००. पदरचे २२ लाख घातल्यावर हातात उरतात ३८,०००. एक हप्तासुद्धा त्यातून निघत नाही. मार्च २०२० मध्ये चित्रीकरण बंद पडलं, ते आठवत असेलच. पुन्हा सुरू झालं तेव्हा ६५ वर्षांवरच्या कलाकारांना सेटवर मनाई होती. उच्च न्यायालयाने ऑगस्टमध्ये ती रद्द केली. तुमचं कर्ज फिटणार ६६व्या वर्षी.

वहिनी म्हणतात भाडं म्हणजे पैसे पाण्यात. त्यांची तगमग समजते, दर ११ महिन्यांनी बिऱ्हाडाची चिंता कोणाला हवी? पण रात्री अकराला सकाळी सातचा कॉल, म्हणजे सेटवर हजर राहण्याचा निरोप, आला तरी तुम्ही वेळेत फिल्मसिटीत पोहोचता, ते या १८,००० मुळेच.

आधी घरखर्चाचे ४५,००० धरून १२ महिन्यांचे ५.४ लाख वेगळ्या एफडीत टाका, त्यांना हात लावायचा नाही. चौघांचा १० लाखांचा मेडिक्लेम लगेच काढा. तुम्हाला कंपनीचं विमा संरक्षण नाही. प्रीमियम टीडीएसच्या परताव्यातून निघेल. वर्षाला ९३,६०० कापले जातात आणि नव्या करप्रणालीत तुमच्या उत्पन्नावर कर शून्य येतो, तरी तुम्ही दोन वर्षं रिटर्नच भरलेलं नाही! या आठवड्यात सीएकडे जा. पुढे कर्जासाठीही बँक आधी तीच रिटर्न्स मागेल.

घर घ्यायचंच ठरलं तर कर्ज २५ लाखांच्या आत ठेवा. हप्ता २१,७०० च्या आसपास येईल, आणि जुलैसारखा महिना राखीव रकमेवर निभावेल. तेवढ्यात घर विरारकडे मिळेल. टोकन देण्याआधी एकदा तिथून सातच्या कॉलला लोकलने जाऊन बघा.