आत सरकवले म्हणजे खाली उतरवले का?

“ताई, फुटबॉलच्या कोचने आमच्या मुलाला टोकाच्या जागेवरून आत ढकलले आहे. हा त्याचा अपमान समजायचा, की आम्हालाच खेळ कळत नाही?” डॅलसच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहणाऱ्या मराठी गृहस्थांनी जानेवारीत मला फोनवर हा प्रश्न विचारला. टेक्सासमध्ये समुपदेशन करताना हीच चिंता थोड्याफार फरकाने अनेक पालकांकडून मी ऐकली आहे, म्हणून त्या कुटुंबाच्या संमतीने आणि ओळख पटू नये इतके तपशील बदलून हा अनुभव लिहीत आहे.

मुलगा सोळा वर्षांचा, उंची सहा फूट, वजन २०५ पौंड म्हणजे सुमारे ९३ किलो. अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या पहिल्या रांगेत बहुधा चौघे असतात. त्यांपैकी दोन टोकांना उभे राहणारे ते डिफेन्सिव्ह एंड आणि मधले दोघे डिफेन्सिव्ह टॅकल. हा मुलगा दोन वर्षे उजव्या टोकाला खेळला होता. हंगाम संपल्यावर कोचने त्याला सांगितले की पुढच्या वर्षी व्हर्सिटी संघात, म्हणजे शाळेच्या मुख्य संघात, तो आत, टॅकलच्या जागी खेळेल. त्या दिवसापासून मुलगा घरी फारसे बोलेनासा झाला आणि वडिलांनी शाळेला पाठवायच्या तक्रारीच्या पत्राचा मसुदा लिहून ठेवला.

पहिल्या भेटीत तिघेही आले. आईवडील बराच वेळ बोलले आणि मुलगा टेबलावरच्या चहाच्या बशांशी चाळा करत बसला. शेवटी मी त्यालाच म्हटले, नेमके काय बदलले ते या बशांनी दाखव. समोरच्या, चेंडू पुढे नेणाऱ्या संघाची पहिली रांग म्हणून त्याने पाच बशा एका रांगेत मांडल्या: मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे त्या संघाचे टॅकल. मग स्वतःसाठी माझ्या पेनाचे टोपण घेऊन त्याने ते शेवटच्या बशीच्या बाहेरच्या कडेला ठेवले आणि हळूच सरकवून गार्डच्या बशीच्या बाहेरच्या कडेला आणले. जेमतेम एका बशीचे अंतर. आईच्या तोंडून सहज निघून गेले, “एवढेच?” त्यावर तो पहिल्यांदा मान वर करून बोलला, “आई, एवढेच नाही. तिथे माझ्या एका बाजूला मोकळे मैदान होते. इथे दोन्ही बाजूंना माणसे आहेत, आणि मला कोण धडकणार ते धडकल्यावरच कळते.”

त्या एका वाक्यात त्याचे दुःख होते, आणि पालकांनी धरलेल्या अपमानाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. टोकाच्या खेळाडूला चेंडू हलताच समोरचे चित्र दिसते आणि धावत वळसा घालून क्वार्टरबॅकपर्यंत, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूपर्यंत, जाता येते. तो क्वार्टरबॅकला पाडतो तेव्हा, म्हणजे सॅक करतो तेव्हा, ध्वनिक्षेपकावरून त्याचे नाव पुकारले जाते. आत खेळणाऱ्यावर पुष्कळदा गार्ड आणि सेंटर हे दोघे मिळून तुटून पडतात. त्याने त्या दोघांना अडकवून धरले की लाइनबॅकर, म्हणजे बचावाच्या दुसऱ्या रांगेतला खेळाडू, मोकळा होतो, तो चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडतो आणि नोंद लाइनबॅकरच्या नावावर होते. वडिलांकडे दोन वर्षांच्या सामन्यांची वही होती. तीत टॅकल (इथे अर्थ चेंडू घेऊन पळणाऱ्याला पाडणे) आणि सॅक असे दोनच रकाने होते. त्या वहीत यापुढे आपण रिकामे दिसू, ही भीती मुलाने मला पुढच्या भेटीत एकट्याने सांगितली. वडिलांनी प्रेमाने ठेवलेल्या वहीचे मुलावर असे ओझे व्हावे, हे मला फार लागले.

वडिलांच्या मनात आणखी एक शंका होती आणि ती त्यांनी फार संकोचाने बोलून दाखवली: मुलगा भारतीय दिसतो, म्हणून तर त्याला कमी मानाच्या जागी बसवले नसेल ना? अशी शंका मी कधीही उडवून लावत नाही, कारण परक्या देशात मूल वाढवणाऱ्या माणसाला ती अनुभवातूनच येते. मात्र तिचे उत्तर माझ्या खोलीत बसून मिळणार नव्हते, ते कोचला विचारूनच मिळणार होते. पत्र पाठवण्याआधी मुलाने स्वतः जाऊन विचारावे, असे मी सुचवले. वडिलांना ते पटायला दोन आठवडे लागले. सोळाव्या वर्षी मुलाच्या वतीने बापाने जाब मागितला, तर मुलाला उत्तर मिळेलही, पण पुढच्या वेळी विचारण्याचे धैर्य मिळणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न आम्ही दोघांनी मिळून ठरवले. तुम्ही माझ्यात काय पाहिले म्हणून आत आणता आहात? माझ्याकडून किती वजनाची अपेक्षा आहे आणि किती दिवसांत? मला हे जमले नाही किंवा नको वाटले तर बाहेरची जागा पुन्हा मिळेल का? कोचने अर्धा तास दिला. चेंडू हलल्यावर या मुलाचे पहिले पाऊल संघात सर्वांत लवकर पडते, हे त्यांनी त्याला चित्रफीत दाखवून सांगितले. टोकाला ते पाऊल वळसा घालण्यातच खर्ची पडते. आतून मात्र क्वार्टरबॅकपर्यंतची वाट सर्वांत जवळची असते, आणि समोरूनच दडपण आले की त्याला पुढे सरकून चेंडू फेकायला जागा उरत नाही. कमी पडत होता तो त्याचा वाकण्याचा कोन. धडकेच्या क्षणी तो उंच उभा राहत असे, आणि आतल्या गर्दीत जो खाली राहतो तोच टिकतो. हे उत्तर ऐकल्यावर पत्राचा मसुदा वडिलांनी स्वतःहून बाजूला ठेवला.

डॅलसमध्येच याचे एक मोठे उदाहरण आहे, ते मी वडिलांना सांगितले. डॅलस काउबॉइज या व्यावसायिक संघाने १९६१ मध्ये आपल्या इतिहासातील पहिल्याच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडलेला पहिला खेळाडू बॉब लिली सुरुवातीला डिफेन्सिव्ह एंडच होता. प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी १९६३ मध्ये त्याला आत आणले, आणि त्या जागेवर घडलेल्या कारकिर्दीमुळे १९८० मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे या खेळातील थोरांच्या सन्मानयादीत, गेला. वडिलांचा चेहरा खुलला, तेव्हा मला त्यांना थोडे आवरावेही लागले. लिली कसलेला, पूर्ण वाढ झालेला पुरुष होता आणि आपला मुलगा अजून वाढतो आहे. असे उदाहरण मन हलके करण्यापुरते घ्यावे, मुलापुढे उद्दिष्ट म्हणून ठेवू नये.

वजनाचा प्रश्न मला या सगळ्यात सर्वांत गंभीर वाटत होता. कोचने पुढच्या हंगामापर्यंत २१५ पौंड पुरेत असे सांगितले होते, पण मुलाने मनाने २४० ठरवून टाकले होते. रात्री दहा वाजता तो ओट्याशी उभा राहून भूक नसताना चार-पाच पोळ्या संपवत असे आणि कोणी पाहत नसताना वजन वाढवण्याची पावडर घातलेले दूध पीत असे. घरात आजोबांना आणि वडिलांना मधुमेह होता. दक्षिण आशियाई वंशाच्या माणसांना तुलनेने कमी वजनावरही मधुमेहाचा धोका संभवतो, त्यामुळे नुसती चरबी चढवून रुंद होणे या मुलाला परवडणारे नव्हते. मी त्यांना बालरोगतज्ज्ञांकडे आणि तिथून आहारतज्ज्ञांकडे पाठवले. वजन सावकाश आणि व्यायामाच्या जोडीनेच वाढावे, पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये आणि रात्री उशिराचे खाणे बंद व्हावे, असे तिथे ठरले. आकाराने लहान म्हणून १९९० मध्ये ड्राफ्टमध्ये कोणीच न निवडलेला टेक्सासचा जॉन रँडल पुढे याच आतल्या जागेवर चपळाईच्या बळावर हॉल ऑफ फेमपर्यंत पोहोचला, हे कळल्यावर मुलाने २४० चा आकडा सोडला.

आईची भीती डोक्याच्या दुखापतीची होती, आणि ती निराधार आहे असे मी त्यांना सांगितले नाही. आघाडीच्या रांगेतील खेळाडूंच्या डोक्याला लहान लहान धक्के वारंवार बसतात, हे खरेच आहे. टेक्सासमध्ये २०११ च्या कायद्यानुसार मेंदूला धक्का बसल्याचा संशय आला की विद्यार्थ्याला लगेच खेळातून बाहेर काढावे लागते आणि डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय तो परत उतरू शकत नाही. हंगामात पूर्ण धडकेचा सरावही दर खेळाडूला आठवड्याला ९० मिनिटांपुरताच करता येतो. पण मुलाने डोके दुखल्याचे लपवले तर हे नियम काय करणार? म्हणून घरात एक करार झाला: डोके दुखते असे त्याने सांगितले, तर त्या दिवशी संघाविषयी, जागेविषयी किंवा वहीविषयी कोणी एक शब्दही बोलायचा नाही. फुटबॉलच नको असे त्याला कधी वाटले, तर तेही ऐकून घ्यायचे, हे वडिलांनी माझ्यासमोर त्याला सांगितले. सांगताना त्यांचा आवाज कापरा झाला होता.

ऑगस्टच्या अखेरीस हंगाम सुरू झाला. पहिल्या दोन सामन्यांत तो वारंवार मागे ढकलला गेला आणि आपल्याला हे जमत नाही, असे त्याने मला कळवले. मी त्याला धीर देण्याची घाई केली नाही. तो चित्रफीत घेऊन पुन्हा कोचकडे गेला आणि आठवडाभर नुसते खाली वाकून सुटण्याचा सराव करत राहिला. ऑक्टोबरमध्ये तिघे पुन्हा आले तेव्हा त्याचे वजन २१२ होते आणि वडिलांच्या वहीत “दोघांना अडकवले” असा तिसरा रकाना होता. तो कसा भरायचा हे मुलानेच त्यांना शिकवले होते. आई मात्र अजूनही मध्यभागी माणसांचा ढीग पडला की डोळे मिटून घेतात आणि सामन्यानंतर गाडीत बसताच त्याला एकच प्रश्न विचारतात, डोके दुखते आहे का. तो दर वेळी न चिडता उत्तर देतो.