कानाची वरची कड टोचून तीन महिने झाले, अजून दुखतंय. काही बिघडलंय का?

बहुतेक नाही. कानाच्या पाळीचं भोक 6 ते 8 आठवड्यांत भरतं, पण कूर्चेला, म्हणजे वरच्या कडेतल्या लवचिक, मऊ हाडासारख्या भागाला, 6 महिने ते वर्षभर सहज लागतं. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरच्या पातळ आवरणातून झिरपेल तेवढ्यावर तिचं भागतं.

खरा घोळ झोपेत होतो. माझं भोक दोन महिने अगदी शांत होतं. एका रात्री त्याच कुशीवर झोपले आणि सकाळी मागच्या बाजूला मुगाएवढा लाल फुगवटा! मग प्रवासाची गोल उशी घेतली, कान तिच्या मधल्या पोकळीत ठेवून झोपायला लागले, तेव्हा कुठे तो बसला.

दिवसातून एक-दोनदा निर्जंतुक सलाइन (0.9 टक्के मिठाचं पाणी) मारा, कान कोरडा टिपा, बस. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड नको. 'दागिना फिरवत राहा, नाहीतर चिकटेल' हे तर विसराच. प्रत्येक फेरीला आतली नवी त्वचा फाटते. सुजेसाठी जागा राहावी म्हणून सुरुवातीला दांडी लांब घालतात. तुमची अजून तीच असेल तर टोचणाऱ्याकडून आखूड करून घ्या, केसांत अडकणं बरंच कमी होईल. गनने टोचलं असेल तर भरायला आणखी वेळ लागू शकतो.

फिकट चिकट द्राव, त्याची खपली, हे चालायचंच. पण कड गरम, लालभडक, ठणकणारी झाली, कानाचा आकार सुजून बदलला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. दागिना मात्र स्वतःहून काढू नका, भोक मिटून पू आतच अडकू शकतो.