आधी देश ठरवा, मग कोर्स. आणि फी भरण्याआधी एक प्रश्न नक्की विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. शाळा दहावीपर्यंत मराठी माध्यमाची, शिवाजी विद्यापीठातून इंग्रजीत एम.ए., मग बी.एड., आणि दोन वर्षं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये स्पोकन इंग्लिश शिकवताय. आता परदेशात इंग्रजी शिकवायला जायचंय. समोर दोन कोर्स आहेत. एक १२० तासांचा ऑनलाइन, सहा हजारांचा, 'आज रात्री बारापर्यंतच सूट' असे मेसेज येतायत. दुसरा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवण्याचा केंब्रिजचा कोर्स, तुम्हाला सांगितलेली फी दीड लाख, आणि त्यासाठी आई पाटल्या मोडायला तयार आहे. यातला कुठला घेऊ, असं विचारलंय.

माझं म्हणणं असं की पाटल्या इतक्यात गुजरीत सराफाकडं नेऊ नका, आणि ते सहा हजारही भरू नका. जायचं कुठं हे तुमच्या प्रश्नात कुठंच नाही, आणि सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

कोर्सच्या जाहिरातीत जगाचा नकाशा असतो, पण व्हिसा आपल्या पासपोर्टवर मिळतो. दक्षिण कोरियाचं बघा. तिथला इंग्रजी शिक्षकांचा ई-२ व्हिसा मुख्यतः अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. आपल्यासाठी ती वाट फार अरुंद, मग प्रमाणपत्र कितीही भारी असो. जपानमध्ये शाळेत शिकवायच्या व्हिसासाठी, इंग्रजी मातृभाषा नसेल तर किमान १२ वर्षांचं शिक्षण इंग्रजीतून झालेलं असावं लागतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम म्हटल्यावर अकरावीपासूनची वर्षं मोजत बसावं लागतं, आणि एम.ए., बी.एड. धरूनही बेरीज कमीच पडते. हे मी घाबरवायला सांगत नाही. पैसे भरल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

याउलट आखातातल्या भारतीय शाळा. यूएई, ओमान, कतारमध्ये सीबीएसईच्या शाळा भरपूर आहेत आणि त्या शिक्षक भारतातूनच नेतात. तिथं पहिला प्रश्न बी.एड.चा असतो आणि दुसरा अनुभवाचा, तोही शाळेतला. तुमचा क्लासचा अनुभव तिथं कमी धरला जाईल. तिथंच जायचं असेल तर तुम्हाला या दोन्हींपैकी एकाही कोर्सची गरज नाही. कोल्हापुरातल्याच एखाद्या सीबीएसई शाळेत दोन वर्षं नोकरी करा. तेवढ्यात पगारही मिळेल आणि अनुभवाचा दाखलाही.

व्हिएतनाम, थायलंडसारख्या ठिकाणी मोठ्या माणसांना शिकवणाऱ्या लँग्वेज सेंटरमध्ये जायचं असेल, तर मात्र कोर्सचा प्रश्न खरा आहे. व्हिएतनाममध्ये वर्क परमिटसाठी पदवी आणि अध्यापनाचं प्रमाणपत्र लागतं, आणि आपल्यासारख्यांकडं सेंटरवाले आयईएलटीएससारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही मागतात. मी हनोईत चार वर्षं शिकवलंय, म्हणून यापुढचं जरा सविस्तर लिहिते.

मी जाताना तुमच्यासमोर आहे तसलाच स्वस्त कोर्स करून गेले होते. नाव लिहीत नाही. प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का होता, खाली 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त' असं छापलं होतं. पहिल्याच मुलाखतीत बाईंनी ते नीट वाचलं आणि विचारलं, "तुम्ही शिकवत असताना कुणी मागं बसून किती तास बघितलं?" उत्तर होतं, एकही नाही. पुढचं बोलणं दोन मिनिटांत आटोपलं. भाड्याच्या खोलीवर परत येताना मला रडू आवरत नव्हतं, कारण ते पैसे वडिलांनी पतसंस्थेतून काढून दिले होते.

म्हणून फी भरण्याआधी विचारायचा प्रश्न तोच आहे: मी खऱ्या विद्यार्थ्यांसमोर किती तास शिकवणार, आणि ते कोण बघणार? 'व्हिडिओ बघून प्रश्न सोडवायचे' असं उत्तर आलं तर तो वाचनाचा कोर्स आहे, शिक्षक घडवायचा नाही.

सेल्टा केंब्रिजचा. त्यात किमान १२० तासांचा अभ्यासक्रम, त्यातले सहा तास प्रत्यक्ष शिकवायचं आणि दर वेळी प्रशिक्षक बघणार, सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग बघायचे, चार लेखी असाइनमेंट, आणि शेवटी बाहेरून तपासनीस येतो. पूर्णवेळ केला तर चार-पाच आठवडे, अर्धवेळ केला तर काही महिने. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजचा सर्टटेसॉल हा कोर्सही त्याच दर्जाचा. तिथंही सहा तास शिकवायचं असतं, शिवाय एक अनोळखी भाषा शिकायला लावतात, म्हणजे विद्यार्थ्याच्या बाकावर बसल्यावर कसं वाटतं ते कळतं. दोन्ही ब्रिटनच्या पात्रता यादीत पाचव्या पातळीवर आहेत. ऑफक्वाल या तिथल्या सरकारी नियामकाच्या संकेतस्थळावर कोर्सचं नाव घालून कुणालाही ते तपासता येतं. स्वस्त कोर्सवाल्यांचा १२० हा आकडाही सेल्टासारखाच आहे, पण त्यातले ते सहा तास गायब आहेत.

त्या सहा तासांत काय होतं ते सांगते. हनोईतच पैसे साठवून पुढच्या वर्षी मी सेल्टा केला. पहिला तास चाळीस मिनिटांचा, समोर अकरा जण, अर्धवर्तुळात बसलेले. बँकेत काम करणारी एक बाई, मोटारसायकल दुरुस्त करणारा एक मुलगा, बाकीचे कॉलेजचे. विषय होता 'यूज्ड टू'. मी फळा भरून नियम लिहिला, उदाहरणं दिली, "डू यू अंडरस्टँड?" विचारलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला वाटलं, झकास झालं.

नंतर प्रशिक्षकांनी एक कागद पुढं सरकवला. त्यावर अकरा गोल काढले होते, मधे मी. माझ्याकडून प्रत्येक गोलाकडं बाण गेलेले, काहींकडं पाच-पाच. उलटे माझ्याकडं आलेले बाण दोन. विद्यार्थ्याकडून विद्यार्थ्याकडं एकही नाही. खाली लिहिलं होतं: चाळीसपैकी एकतीस मिनिटं शिक्षिका बोलत होती. ते काहीच बोलले नाहीत, कागद माझ्याकडं ठेवला. आपल्याकडं क्लासमध्ये चांगला शिक्षक म्हणजे चांगलं समजावून सांगणारा, ही कल्पना माझ्या हाडात होती. ती त्या कागदानं मोडली. दहा वर्षं झाली, तो कागद अजून माझ्याकडं आहे.

दुसऱ्या वेळी "समजलं का?" असं विचारायचं नाही, असं ठरवून गेले. 'आय यूज्ड टू लिव्ह इन कोल्हापूर' हे वाक्य लिहिलं आणि विचारलं: मी आता तिथं राहते का? पूर्वी राहत होते का? एकदाच, की बराच काळ? तेव्हा कळलं की आधी माना डोलावणाऱ्यांतल्या निम्म्यांना या वाक्याचा अर्थ 'मी आत्ताही कोल्हापुरातच राहते' असा वाटत होता. मराठीत आपण 'राहायचे' म्हणतो, त्यात हे सगळं आपोआप येतं, म्हणून ते वेगळं शिकवावं लागतं हे आपल्या लक्षातच येत नाही. ही प्रश्न विचारायची रीत पुस्तकात दीड पानाची आहे. हाताला बसायला मला चार तास लागले, आणि प्रत्येक तासाला मागं कुणीतरी बसलेलं होतं.

उच्चारांचंही तसंच. आपण व्ही आणि डब्ल्यू दोन्हींना 'व' म्हणतो, आघात कुठं द्यायचा याकडं लक्ष देत नाही. 'फोटोग्राफ' आणि 'फोटोग्राफर' यात जोर पहिल्यावरून दुसऱ्या अक्षरावर जातो हे मला तिथंच समजलं. व्हिएतनामी माणूस शब्दाचं शेवटचं व्यंजन गिळतो, त्याला 'फाइव्ह' आणि 'फाइन' सारखेच वाटतात. तुमचा विद्यार्थी कुठं अडणार हे ओळखायला स्वतःची बोली आधी ऐकावी लागते. मराठी माध्यमाची लाज बाळगू नका. भाषा शिकावी लागते कशी हे आपल्याला आठवतं, आणि वर्गात त्याचा उपयोग होतो.

२०२० पासून सेल्टा पूर्ण ऑनलाइनही करता येतो, तासांची अट तीच. म्हणजे पुण्या-मुंबईत राहण्याचा खर्च वाचतो. प्रवेशाआधी भाषेच्या विश्लेषणाची एक टास्क आणि मुलाखत असते, ती सोपी नाही. एक लक्षात ठेवा, सेल्टा मुख्यतः प्रौढांना शिकवण्यासाठी आहे. लहान मुलांसाठी तुमचं बी.एड.च जास्त उपयोगाचं.

एजंटचं थोडक्यात. सरकारकडं नोंदणी असलेला एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर तपासता येतो, आणि त्याला नोकरी लावण्याचे ३०,००० रुपये व जीएसटी यापेक्षा जास्त घेता येत नाहीत. कोर्स आणि नोकरी एकाच पॅकेजमध्ये विकणाऱ्यापासून लांब राहा. पदवीचं मूळ प्रमाणपत्र विद्यापीठातून आणलं नसेल तर आत्ताच अर्ज करा. तात्पुरत्या प्रमाणपत्रावर अडकाल. मूळ प्रमाणपत्र मिळालं की त्यावर आधी राज्य पातळीवरची पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, आणि यूएईसारख्या देशासाठी पुढं दूतावासाचाही. यात आठवडे जातात.

तुमच्या जागी मी असते तर आधी आयईएलटीएस दिली असती, देश ठरवला असता, तिथल्या चार सेंटरना ईमेल करून कुठलं प्रमाणपत्र चालतं ते लेखी विचारलं असतं. चारपैकी तिघांनी सेल्टा म्हटलं, तरच आईशी पाटल्यांचं बोलले असते.

तोवर या रविवारच्या बॅचला मोबाइल मागच्या बाकावर ठेवून पूर्ण तास रेकॉर्ड करा. रात्री घड्याळ घेऊन बसा आणि तुम्ही किती मिनिटं बोललात आणि मुलं किती, ते मोजून इथं लिहा. पुढं काय करायचं ते त्यावरून सांगते.