हौशी (हॅम) रेडिओ, वाचकांचे प्रश्न : वॉटरफॉल दिसतो, आवाज येत नाही

प्रश्न : व्हीएचएफ बँडवर डीएमआर हा डिजिटल आवाजाचा मोड वापरतो. आता एचएफवर (शॉर्टवेव्हवर) फ्रीडीव्ही हे डिजिटल आवाजाचं सॉफ्टवेअर लावलं आहे. वॉटरफॉलवर (सिग्नलच्या सरकत्या चित्रावर) सिग्नल ठळक दिसतो, पण सिंक लागत नाही, म्हणजे सॉफ्टवेअर सिग्नलशी जुळून आवाज उलगडत नाही. माझा आवाजही समोर तुटक जातो. यात वेळ घालवावा का? – एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर घालवा. डीएमआर, डी-स्टार, सी४एफएम या तिन्ही डिजिटल मोडमधला एएमबीई कोडेक (आवाज आकड्यांत बदलणारी पद्धत) डीव्हीएसआय या कंपनीच्या मालकीचा आहे. हॅमला तो उघडून सुधारता येत नाही, आणि प्रयोगासाठीच परवाना घेणाऱ्याला ही मोठी अडचण आहे. फ्रीडीव्ही पूर्ण खुलं आहे. त्याच्या नव्या आरएडीई मोडमध्ये न्यूरल नेटवर्कच्या मदतीने सुमारे १५०० हर्ट्झ रुंदीत ८ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज जातो. एसएसबी या नेहमीच्या अॅनालॉग पद्धतीपेक्षा कमी जागेत जास्त भरदार आवाज! पुढची वाट हीच, असं आमचं ठाम मत आहे.

आता सिंक. आधी मोड जुळवा. ७००डी या फ्रीडीव्हीच्याच जुन्या मोडचा सिग्नल आरएडीईवर उलगडणार नाही. मग साइडबँड (सिग्नल वरच्या बाजूचा की खालच्या) पाहा. तो उलटा असला तरी वॉटरफॉल छानच दिसतो, म्हणून इथे हमखास फसगत होते. १४.२३६ मेगाहर्ट्झवर यूएसबी (अपर साइडबँड) ठेवा, ४० मीटर बँडवर एलएसबी (लोअर साइडबँड). रिगचे (रेडिओ सेटचे) नॉइज रिडक्शन, नॉइज ब्लँकर आणि ऑटो नॉच (एकसुरी शिट्टी आपोआप कापणारा फिल्टर) बंद करा. नॉच तर सिग्नलमधले कॅरियरच (वाहक लहरीच) खातो. फिल्टर २.४ किलोहर्ट्झपेक्षा अरुंद नको.

तुटक आवाजाचं कारण बहुधा जास्तीची ऑडिओ पातळी. रिग डेटा मोडवर ठेवा, स्पीच कॉम्प्रेसर बंद करा आणि एएलसीचा (शक्ती आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा जेमतेम हलेल इतपतच पातळी वाढवा. विंडोजमधली ‘एन्हान्समेंट्स’ही काढा. रिगसाठी एक साउंड कार्ड आणि हेडसेटसाठी दुसरं, अशी दोन स्वतंत्र लागतात. आरएडीईची सरासरी शक्ती शिखराच्या जवळपास असते, त्यामुळे १०० वॉटची रिग पूर्ण शक्तीवर लांबलचक बोलत वापरू नका, तापते. एवढं करूनही फक्त प्रसारणातच तुटत असेल तर संगणकाच्या यूएसबी केबलवर फेराइटचं कडं (रेडिओलहरींचा अडथळा रोखणारं) चढवा.

प्रश्न : खुलं डिजिटल हँडीवर (हातातल्या छोट्या सेटवर) चालेल का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : चालेल. टीवायटी एमडी-यूव्ही३८० या हँडीवर ओपनआरटीएक्स हे खुलं फर्मवेअर चढवून कोडेक २ या खुल्या कोडेकवर आधारलेला एम१७ हा डिजिटल मोड वापरता येतो. मात्र त्यासाठी सेट उघडून बोर्डावर बारीक सोल्डरिंग करावं लागतं. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि भिंग नसेल तर स्वतः हात घालू नका.