रेशीमकिड्यावर काम करायचं म्हणतोस, तर

रामबाग, इंदूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पत्र परवा पोचलं. आजीच्या महेश्वरी साडीपासून निघून तू थेट विषाणूपर्यंत गेलास, मजा वाटली. पण एक वाक्य खटकलं: "पाच हजार वर्षं पाळून माणसानं किडा सुधारला, आता रोगाला दाद न देणारं जनुक तेवढं घालायचं राहिलं."

सुधारला कुणासाठी रे? चीनमधल्या रानटी बाँबिक्स मँडरिनापासून हा पाळीव झाला. पतंगाला उडता येत नाही, अळी पाल्याच्या शोधात ट्रेबाहेर जात नाही. आपल्या कामाचा झाला, एवढंच.

आणि 'जनुक घालायचं' म्हणतोस, त्याचीच गंमत ऐक. डेन्सोव्हायरस या रेशीमकिड्याला आजारी पाडणाऱ्या विषाणूच्या एका प्रकाराला काही वाण मुळीच बळी पडत नाहीत. २००८ साली जपानी संशोधकांनी कारण शोधलं, तर तिथं नवं काही नव्हतंच. आतड्याच्या पेशीवरचं, अमिनो आम्लं वाहून नेणारं प्रथिन बनवणाऱ्या जनुकाचा मोठा तुकडाच गळालेला. विषाणूला शिरायचं दारच उरलं नाही. धडधाकट जनुक परत घातलं, की तोच वाण पुन्हा आजारी पडतो.

पण हा गुण अप्रभावी. दोन्ही प्रती तुटक्या असल्या तरच उपयोग. शेतकरी तर संकरित अंडीपुंज नेतो. एका पालकाकडून चांगली प्रत आली की संरक्षण गेलं. प्रयोगशाळेत बिनतोड ठरलेलं उत्तर गोठ्याशेजारच्या शेडमध्ये का फसतं, हे आधी समजून घे.

आता विषाणूकडून बघ. ग्रासरी म्हणजे अळ्या सुजून फुटतात तो रोग. त्याच्या विषाणूकडे एक जनुक आहे, ते कात टाकायच्या संप्रेरकाला साखरेचा रेणू चिकटवून निकामी करतं. अळी कात टाकायचं विसरते, नुसती खात राहते, आणि विषाणू तिच्यात वाढत राहतो. दुसरं जनुक तर बहुधा पूर्वी कधीतरी किड्याकडूनच उचललेलं. ते काढून टाकलं तर आजारी अळ्यांचं सैरभैर फिरणं थांबतं, हे २००५ साली दिसलं. त्याचं प्रथिन विकर (एन्झाइम) आहे, म्हणून सगळे (मीसुद्धा, वर्गात, ठासून) समजत होतो की करामत विकराच्या क्रियेची. २०१२ साली कळलं, ती क्रिया बंद पाडली तरी अळी फिरतेच. ते प्रथिन विषाणूकणाच्या बांधणीत लागतं. तेव्हा माझंही ऐकून सोडून देऊ नकोस, तपास.

संगणकावर डीएनएच्या क्रमवाऱ्या जुळवण्याआधी एक खेप स्वतः वाढव. माझी पहिली उत्तम गेली. दुसरी मी त्याच ट्रेमध्ये, नुसत्या पाण्यानं धुऊन, ठेवली. पाचव्या, म्हणजे शेवटच्या अवस्थेत अळ्या सुजल्या, ट्रेच्या कडेकडेनं फिरू लागल्या. हात लावला की कातडी फुटून दुधासारखं पाणी. विषाणू प्रथिनाच्या स्फटिकात बसून वाट बघतो, आणि अळीच्या आतड्यातल्या अल्कलीतच तो स्फटिक विरघळतो. पाण्यानं त्याचं काय बिघडणार! ब्लीचिंग पावडर आण, आणि चुनाही.

मग संकर कर. जपानच्या तोयामा कामेतारोनं १९०६ साली मेंडेलचे नियम याच किड्यात दाखवले, कोषांचे रंग मोजून. तुला मात्र मेंडेलच्या वाटाण्यात नसलेली एक सोय आहे: रेशीमकिड्याच्या मादीत गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होतच नाही. म्हणून संकरित मादी घेऊन अप्रभावी गुणाच्या मूळ वाणाशी जोड लाव. २८ जोड्यांपैकी तुझा गुण कुठल्या जोडीवर आहे ते थोड्या पिल्लांतही कळतं. त्यानंतर संकरित नर घे. त्याच्यात अदलाबदल होते, म्हणून नेमकी जागा त्याच्यावरून काढायची. उलट क्रमानं केलंस तर पाला फुकट जाईल, आणि जुलैच्या पावसात तुतीचा पाला तोडून आणणं म्हणजे काय ते तुला कळेलच.

रविवारी सकाळी ये. काकू पोहे करतील, जिलेबी येताना तूच आण. ग्रासरीची एक जुनी काचपट्टी काढून ठेवली आहे. साध्या सूक्ष्मदर्शकातही ते स्फटिक चकाकताना दिसतात. मोजायला वही आण.

तुझा,
सर